बिगुलांचा जुना फड

हातात पॅड, पॅडवर पेन्सिल आणि नजर समोरच्या मुलाच्या बुटांवर. १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या ड्रम अँड बिगुल पथकांच्या स्पर्धेत असा परीक्षक हमखास दिसे. तो स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून राहत नसे. पथक वाजवत, चालत, वळत असताना तो थेट मैदानात, रांगांच्या मधून फिरे. स्नेअर ड्रमच्या ओळीजवळ वाकून, कान देऊन उभा राही. सगळ्यांच्या काठ्या एकाच क्षणी पडल्या तर पेन्सिल थांबलेली. एकाची काठी केसभर मागे राहिली, की कागदावर एक खूण. बिगुल शेजारच्या बिगुलापेक्षा बोटभर खाली झुकला, पाऊल चुकले, सूर फाटला, दोघांमधले अंतर बिघडले, की आणखी एक खूण. एका खुणेला एका गुणाचा दहावा हिस्सा कापला जाई. अचूकतेच्या विभागात पथक पूर्ण गुण घेऊन मैदानात उतरे आणि शेवटच्या सुरापर्यंत ते गुण झिजत जात.

‘टिक’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मुख्य राष्ट्रीय स्पर्धेतून १९८४ साली गेली. तिच्या आगेमागे साधे बिगुल गेले, मैदानावरची ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट गेला, गावागावांतली शेकडो पथकेही गेली. ती जुन्या धाटणीची स्पर्धा पुन्हा उभी राहावी असे वाटणारी माणसे अमेरिकेत आजही आहेत. त्यांतली बरीच साठी-सत्तरी ओलांडलेली. त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर असे: ‘जी’ सुरातले बिगुल हवेत, आवाज बिनमाइकचा हवा, सामना शनिवार-रविवारी जवळच्या गावात व्हावा आणि नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असावेत. म्हाताऱ्यांचे स्मरणरंजन म्हणून हे म्हणणे बाजूला सारता येणार नाही. जुन्या स्पर्धेबरोबर जे हरवले ते वाद्यांपेक्षा मोठे होते. सामान्य घरातल्या मुलाला परवडेल असे, त्याच्याच गल्लीतले पथक हरवले.

या कलेचा जन्मच मुळी काटकसरीत झाला. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना काढली. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. सैन्यात उठण्यापासून झोपण्यापर्यंत सगळे इशारे बिगुलावर होत असल्याने बिगुल वाजवू शकणारी माणसे शाखेशाखेत होती. युद्ध संपल्यामुळे बिगुल आणि ड्रम सैन्याला जास्त झाले होते, ते स्वस्तात मिळत होते. मग मिरवणुकीसाठी पथके उभी राहिली, आणि दोन गावांची पथके समोरासमोर आली की कोण सरस हे ठरवल्याशिवाय राहवेना. १९२१ साली कॅन्सस सिटीत भरलेल्या लीजनच्या अधिवेशनात राष्ट्रीय स्पर्धा झाली. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ ही माजी सैनिकांची दुसरी मोठी संघटनाही या क्षेत्रात उतरली.

थोड्याच वर्षांत बापांच्या मागोमाग मुलांची पथके निघाली. लीजनच्या शाखा, बॉय स्काउटचे संघ आणि कॅथलिक चर्च यांनी ती पोसली. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावच्या होली नेम चर्चने १९३४ मध्ये ‘होली नेम कॅडेट्स’, म्हणजे पुढचे गारफील्ड कॅडेट्स, काढले. शिकागोत डॉन वॉरन यांनी १९४८ मध्ये एका स्काउट संघातून ‘कॅव्हलिअर्स’ उभे केले. वायोमिंगच्या कॅस्पर गावात जिम जोन्स यांनी १९५७ मध्ये ‘ट्रूपर्स’ सुरू केले आणि मुलांना जुन्या घोडदळाचा गणवेश चढवला. न्यूअर्कचे ‘ब्लेसेड सॅक्रामेंट’, बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातले ‘सेंट केव्हिन्स’, न्यू जर्सीच्या ऑडबन गावच्या फक्त मुलींचे ‘बॉन बॉन्स’ ही नावे वाचली तरी कळते की पथक म्हणजे एखादे चर्च, एखादा मोहल्ला, एखादे गाव. वर्गणी किरकोळ, वाद्य पथकाचे. गारफील्ड आणि न्यूअर्कसारख्या गावांत ही मुले कामगारांच्या, नव्याने अमेरिकेत आलेल्या कुटुंबांतली. सराव चर्चच्या तळघरात किंवा कारखान्याच्या वाहनतळावर.

बिगुलाची गंमत समजल्याशिवाय जुन्या स्पर्धेची ओढ समजत नाही. साधा बिगुल म्हणजे वळवलेली पितळी नळी. तिला ना भोके, ना कळा. ओठांचा ताण आणि फुंकर यांवर जे सूर निघतील तेवढेच. ‘जी’ला षड्ज मानले तर सहज निघणारे सूर तीन, सा, ग आणि प. एवढ्यात इशारे देता येतात, गाणे वाजत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून बिगुलाला एक आडवा पिस्टन आला. उजव्या अंगठ्याने तो दाबला की नळी लांब होते आणि बिगुल खालच्या पंचमावर उतरतो. तिथून प, नि आणि रे मिळतात. आता सा, रे, ग, प, नि हाती आले, पण मध्यम आणि धैवत अजून नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर डाव्या हाताच्या बोटाने फिरणारी आणखी एक कळ आली, कधी अर्ध्या सुराने तर कधी पूर्ण सुराने खाली नेणारी. पूर्ण सुराची कळ आणि पिस्टन एकदम दाबले की म आणि ध सापडले.

अशा अपुऱ्या वाद्यावर मुले ब्रॉडवेची गाणी, स्पॅनिश नृत्यसंगीत, जॅझ वाजवत. स्वररचना करणारा संगीतकार एका गटाला न मिळणारा सूर दुसऱ्या गटाकडे सोपवी. चाल ओळीओळींत वाटली जाई आणि ऐकणाऱ्याला ती सलग वाटे. सोप्रानो, बॅरिटोन, पुढे खांद्यावर तोलून धरायचा अजस्र कॉन्ट्राबास, सगळेच बिगुल ‘जी’ सुरातले. एकाच सुराच्या कुटुंबातली पन्नास-साठ पितळी तोंडे एकदम समोर वळली की जो घुमारा उठे तो ऐकलेली माणसे आजही त्याच्याबद्दल बोलताना खुर्चीत सरसावून बसतात. ध्वनिमुद्रणात तो पूर्ण सापडत नाही. संगीताचा दर्जा नव्या पथकांत वरचा आहे हे मान्य करूनही म्हणता येईल की तो विशिष्ट आवाज दुसऱ्या कुठल्या वाद्यमेळातून येत नाही.

ड्रमचेही तसेच. १९३३ मध्ये लीजनच्या शिकागोतल्या अधिवेशनाच्या वेळी तेरा ड्रमवादक एकत्र बसले आणि त्यांनी दोन्ही हातांच्या ठोक्यांचे २६ बोल प्रमाण ठरवून टाकले. देशाच्या कुठल्याही टोकाचा मुलगा मग तेच बोल घोटू लागला. मैदानातला परीक्षक नेमके काय तपासणार हे मुलाला ठाऊक होते, त्याच्या शिक्षकाला ठाऊक होते आणि कठड्यावर टेकून बघणाऱ्या त्याच्या बापालाही ठाऊक होते.

सामन्याचा आराखडा पक्का होता. पथक मैदानाच्या डाव्या टोकाच्या रेषेवर उभे राही. आधी तपासणी होई. बुटांची पॉलिश, गणवेशाची बटणे, टोपीचा पट्टा. एखादे बटण निघालेले दिसले तरी गुण जात. इशारा झाला की रेषेवरून पहिली धून उसळे. वाद्यवृंदासारखा थांबून वाजवायचा एक भाग असे. मग ध्वजाला मानवंदना. अमेरिकी ध्वज आणि त्याचे रक्षक मैदानावर असलेच पाहिजेत, ध्वजाचा अवमान होईल अशी हालचाल झाली तर दंड. शेवटी उजवीकडची रेषा ओलांडून बाहेर पडायचे. ठरलेल्या वेळेआधी कार्यक्रम आटपला तर दंड, लांबला तरी दंड. डावीकडून उजवीकडे जाणारी ही वाट प्रेक्षकाला पाठ असल्याने पथकाने त्या चौकटीत काय केले हे त्याला झटकन कळे. निकालावर गावच्या कट्ट्यावर भांडता येई, कारण पंचाइतकेच नियम प्रेक्षकालाही येत होते.

ही घडी माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होती, आणि तिथेच ती विसकटली. पथकांचे चालक रागावले होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. देशभर प्रवास पथकांनी स्वखर्चाने करायचा, स्टेडियम त्यांच्या जिवावर भरायचे, पण नियम आणि परीक्षक संघटना ठरवणार. बक्षिसाची रक्कम वरच्या मोजक्या पथकांना. त्यात व्हिएतनाम युद्धाचा काळ. १९७१ साली गारफील्ड कॅडेट्सने मैदानावर शांततेचे चिन्ह रेखाटले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या मॅडिसन स्काउट्सने लष्करी बाज सोडून ‘ॲलिस इन वंडरलँड’ची पात्रे मैदानात आणली. जुन्या सैनिकांना हे रुचणे शक्यच नव्हते. मध्य-पश्चिमेतल्या आणि पूर्वेतल्या मोठ्या पथकांनी आपापले गट केले आणि त्यांतून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ म्हणजे डीसीआय उभी राहिली. ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाचे ‘अनाहाइम किंग्जमेन’ पहिले विजेते ठरले.

पथके स्वतंत्र झाली तसे कलेने झपाट्याने रूप बदलले. चौरस, समतोल रांगांऐवजी वाहत्या वळणांच्या आकृत्या आल्या. जॉर्ज झिंगाली यांनी गारफील्ड कॅडेट्ससाठी आखलेल्या हालचालींनी १९८३ मध्ये मैदान हादरवले. त्या पथकाने सलग तीन वर्षे अजिंक्यपद घेतले; त्यातले १९८४ चे लिओनार्ड बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’वरचे सादरीकरण आजही रसिकांच्या तोंडी असते. त्याच वर्षी टिक पद्धत गेली. वजाबाकीऐवजी बेरीज आली, म्हणजे काय चुकले यापेक्षा काय साधले याला गुण. नंतर बदलांची रांगच लागली. १९९० मध्ये तीन कळांचे बिगुल, म्हणजे सगळे सूर मोकळे. २००० मध्ये ‘जी’ची अट गेली आणि शाळा-कॉलेजांच्या बँडमधली नेहमीची पितळी वाद्ये मैदानात आली. २००४ मध्ये माइक, २००९ मध्ये सिंथेसायझर. आज इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममधली अंतिम फेरी बघणारा माणूस थक्क होतो. दीडशेहून अधिक तरुण, नाटकाचे नेपथ्य, ध्वनियंत्रणा, नर्तकांइतकी लवचीक शरीरे. इतक्या अवघड हालचाली करत इतके शुद्ध वाजवणे साठ वर्षांपूर्वी कोणी कल्पनेतही आणले नसते.

आणि हे सगळे करायला पैसा लागतो. वरच्या वर्गातल्या पथकात एका मोसमासाठी मुलाला भरावे लागणारे शुल्क आता चार-पाच हजार डॉलरच्या घरात गेले आहे, काही ठिकाणी त्याहूनही पुढे. शिवाय उन्हाळ्याचे दोन-तीन महिने पूर्णवेळ. रात्री बसमध्ये झोप, दिवसा कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत मुक्काम आणि सराव, स्वयंपाकाचा ट्रक सोबत. कॉलेजच्या फीसाठी सुट्टीत नोकरी करणाऱ्या मुलाला हे जमणार कसे? वादकही आता गावातले राहिले नाहीत. देशभरातून, जपानसारख्या परदेशांतूनही, चाचणी देऊन निवडलेली मुले येतात. वयाची बाविशी जवळ आली की बाहेर. पथकाच्या नावात गाव उरले, पथकात मात्र गावातली मुले फारशी उरली नाहीत.

१९७०च्या सुमारास अमेरिकेत मुलांची शेकडो पथके होती. आज डीसीआयच्या मुलांच्या दोन्ही वर्गांतली मिळून पन्नासही होत नाहीत. जी आहेत त्यांनाही धाप लागते. कॅलिफोर्नियाचे ‘सांता क्लारा व्हॅन्गार्ड’ हे अनेक वेळा अजिंक्य ठरलेले पथक आर्थिक ओढाताणीमुळे २०२३ च्या मोसमात मैदानात उतरलेच नाही. सुदैवाने पुढच्या वर्षी परतले. होली नेम चर्चने जन्माला घातलेल्या कॅडेट्सनी, एका जुन्या अत्याचाराच्या प्रकरणातून आलेल्या खटल्याचा भार पेलेना म्हणून, जानेवारी २०२४ मध्ये आपले काम थांबवले. नव्वद वर्षांचे पथक होते ते.

पथके घटण्याला डीसीआय एकटी कारणीभूत नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. कारखाने बंद पडले, चर्चमधली गर्दी ओसरली, कुटुंबे शहरांतून उपनगरांत गेली, शाळांचे स्वतःचे बँड मोठे झाले, पेट्रोल महागले. पण राष्ट्रीय दौरा हेच प्रतिष्ठेचे एकमेव माप झाल्यावर तीस-चाळीस मुलांच्या पथकाला जगायला जागा उरली नाही. दर बदलाने खर्चाची पायरी एकेक इंच उंचावली. नवी वाद्ये घ्या, मग माइक घ्या, मग ते वाहून न्यायला मोठा ट्रक घ्या. त्या पायरीवर चढू न शकलेली पथके एकेक करून मिटली, आणि त्यांच्यासोबत त्यांचे स्थानिक सामनेही.

जुन्या रिवाजाचा धागा तुटू दिला नाही तो प्रौढांनी. १९६०च्या दशकात निघालेल्या ‘ड्रम कोअर असोसिएट्स’ने वयाची अट नसलेल्या पथकांचा वेगळा संसार मांडला होता. पेनसिल्व्हेनियाचे ‘रेडिंग बकनीअर्स’, न्यू जर्सीचे ‘हॉथॉर्न कॅबलेरोज’, ‘न्यू यॉर्क स्कायलायनर्स’, ‘कनेक्टिकट हरिकेन्स’ अशी ती मंडळी. दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी सराव, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या कामगार दिनाच्या सुट्टीत अजिंक्यपद. त्याच सुट्टीत माजी वादकांच्या पथकांचा मेळावा भरू लागला. पांढऱ्या केसांची माणसे जुने ‘जी’ बिगुल आणि जुन्या धुना घेऊन उतरत आणि प्रेक्षक उभे राहून त्यांना दाद देत. ही संघटनाही आता वेगळी उरलेली नाही. २०२४ पासून सर्व वयांच्या पथकांचा वर्ग डीसीआयच्या छत्राखाली गेला.

काही पुनर्मीलने तर इतिहासात नोंदवावीत अशी. मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअर गावचे ‘ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स’ १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये वाजवून आले होते. १९८६ मध्ये ते बंद पडले. १९९४ ची डीसीआय अंतिम स्पर्धा त्यांच्याच भागात, बॉस्टनजवळच्या फॉक्सबरो स्टेडियममध्ये होती, तेव्हा जुने लान्सर्स पुन्हा गणवेश चढवून मैदानात आले. २००७ मध्ये अंतिम स्पर्धा पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये झाली आणि पहिल्या अजिंक्यपदाचे मानकरी किंग्जमेन पस्तीस वर्षांनी एकत्र उतरले. चाळिशी-पन्नाशीतली ही माणसे त्यासाठी दूरदूरवरून सरावाला येत होती.

पण या मेळाव्यांत एक गोष्ट नसते, आणि जुन्या पद्धतीचे कडवे पुरस्कर्ते तिच्यावरच बोट ठेवतात. गुण नसतात. माजी वादकांचा कार्यक्रम हे प्रदर्शन असते, सामना नसतो. सामना असल्याशिवाय माणूस आठवड्यातून तीन रात्री त्याच आठ मात्रा घोटत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे. लेझीम असो, भजन असो वा ढोल-ताशा, स्पर्धा जाहीर झाली की तालमीला किती रंग चढतो हे महाराष्ट्रातल्या मंडळांना सांगायला नको. म्हणून त्यांना हवी आहे ती छोटी, पण खरी स्पर्धा. तीस ते साठ जण, जी बिगुल, वीज नाही, नेपथ्य नाही, डावी रेषा ते उजवी रेषा, आणि मैदानात फिरणारा परीक्षक.

अडचणी आहेत. पहिली वाद्यांची. २००० नंतर पथकांनी जुने बिगुल विकायला काढले तेव्हा माजी वादकांच्या पथकांनी ते घेतले, म्हणून आज त्यांच्याकडे वाद्ये आहेत. पण नवी मिळणे कठीण. अनाहाइममधल्या ‘कान्स्टल’ या नामांकित कारखान्यात जी बिगुल घडत. तो २०१९ मध्ये बंद झाला. वॉशिंग्टनमधले अमेरिकी मरीन दलाचे ‘कमांडंट्स ओन’ हे १९३४ साली स्थापन झालेले पथक मात्र अजूनही दोन कळांचे जी बिगुलच वाजवते. म्हणजे वाद्य मेलेले नाही, त्याची मागणी मेली आहे. मागणी आली तर घडवणारे पुढे येतील. दुसरी अडचण परीक्षकांची. शेजारी उभे राहून एका कानाने नऊ काठ्या वेगळ्या ऐकण्याची सवय असलेली माणसे म्हातारी झाली आहेत. त्यांनी आत्ताच कोणाला शिकवले नाही तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिकवायला कोणी उरणार नाही.

तिसरी अडचण टिक पद्धतीतच आहे. तिचे दोष खरे होते. परीक्षक एका वेळी एकाच ओळीसमोर असे. तो पाठ फिरवून गेल्यावर दुसऱ्या टोकाला झालेली चूक सुटून जाई. चुकीला शिक्षा असल्याने काही पथके अवघड रचना टाळून सोपी, सुरक्षित रचना उचलत. एकूण परिणामासाठी तेव्हाही वेगळे गुण होते, तरी पेन्सिलीचा धाक मोठा होता. जुने सगळे जसेच्या तसे परत आणा म्हणणाऱ्यांनी हेही आठवावे की जुन्या काळात अनेक पथकांत मुलींना प्रवेशच नव्हता आणि शांततेचे चिन्ह रेखाटणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहिले जाई. ते परत आणण्यात शहाणपणा नाही.

मग परत आणायचे काय? आकार आणि अंतर. पथक लहान, सामना जवळ. एका गाडीच्या प्रवासात जाऊन रात्री घरी परतता येईल अशा चार-पाच गावांची साखळी. वीज लागणारे काहीही नको, कारण विजेबरोबर ट्रक येतो आणि ट्रकबरोबर शुल्क. नियमपत्रक दोन पानांचे, प्रेक्षकांत वाटता येईल असे. टिक पूर्ण गुणांसाठी नव्हे, फक्त अचूकतेच्या एका विभागासाठी ठेवावी. तिचा फायदा असा की सामना संपल्यावर पथकाला आपली नेमकी चूक कळते. तेरा वर्षांच्या मुलीला ‘तुमच्या सादरीकरणात भावनिक सातत्य कमी पडले’ असे सांगण्यापेक्षा ‘दुसऱ्या वळणावर तुझे डावे पाऊल लवकर पडले’ असे सांगितले तर ती दुसऱ्या दिवशी ते सुधारते. जी बिगुल ठेवावा तोही याच कारणासाठी. कमी सुरांचे, कमी कळांचे वाद्य नवख्या मुलाच्या हाती लवकर बसते आणि एका हंगामात ते पोर मैदानात उभे राहू शकते.

डीसीआयलाही लहान पथकांची निकड उमगलेली दिसते. गेल्या दशकात तिने ‘साउंडस्पोर्ट’ नावाचा उपक्रम काढला. मोजके वादक, वयाची अट नाही, दौरा नाही. सादरीकरणाला सुवर्ण, रौप्य, कांस्य असा दर्जा मिळतो. पाऊल चांगले आहे. पण तिथे मैदानावरची कवायत नाही आणि दोन गावांची चुरसही नाही. माजी वादकांकडे बिगुल आहेत, धुना आहेत, शिकवायला वेळ आहे. डीसीआयकडे मैदाने, विमा, नावलौकिक आहे. दोघांनी मिळून पूर्व किनाऱ्यावर एका उन्हाळ्यापुरती मुलांची जुन्या धाटणीची साखळी चालवून बघायला काय हरकत आहे? माजी वादकांच्या प्रत्येक पथकाने आपल्या गावातली वीस मुले हाताशी धरली तरी पुष्कळ झाले. आज हीच पथके स्वतःच्या आठवणींसाठी वाजवतात. त्यांनी तेच बिगुल नातवंडांच्या हाती दिले नाहीत तर हा सगळा खटाटोप त्यांच्याबरोबरच संपेल, आणि तो दोष नव्या पिढीचा नसेल.

न्यू जर्सीत आज मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. अमेरिकेतल्या मराठी तरुणांनी ढोल-ताशा पथके उभी केली आहेत, गणेशोत्सवात आणि भारत दिनाच्या मिरवणुकांत ती वाजतात. वर्गणी काढायची, वाहनतळावर सराव करायचा, शेजाऱ्यांच्या तक्रारी सोसायच्या, हे सगळे त्याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या स्थलांतरितांनी बिगुलांसाठी केले होते. दरवर्षी उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांची संख्याही मोठी आहे. त्यांनी मे अखेरचा मेमोरियल डे आणि चार जुलैची मिरवणूक चुकवू नये. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावी तर १७८५ पासून स्वातंत्र्यदिन साजरा होतो. पूर्व किनाऱ्यावरच्या मिरवणुकांत माजी वादकांचे एखादे पथक सापडू शकते. रस्त्याच्या कडेला थांबा, ते पुढे गेले की सोबत थोडे चाला, आणि मुक्कामी पोचल्यावर एखाद्या वादकाला त्याचा बिगुल दाखवायला सांगा. नातवंड बरोबर असेल तर बिगुल त्याच्या हातात द्यायला सांगा. तो वादक नाही म्हणणार नाही.